चिन्ह कुणाचं? फॉर्ममधला मजकूर एका पानावरून दुसऱ्या पानावर नेण्याचा इतिहास

समजा, तुम्ही तुमच्या संशोधनासाठी एक ऑनलाइन प्रश्नावली तयार करताय. तीन पानांची. पहिल्या पानावर माणूस उत्तरं लिहितो, दुसऱ्यावर "तुम्ही लिहिलेलं असं आहे, बरोबर आहे ना?" असं विचारलं जातं आणि तिसऱ्या पानाला मजकूर जतन होतो. एका प्रतिसादकाने शेवटच्या रकान्यात लिहिलं: "पी<०.०५ आला, पण नमुना लहान होता." जतन झालेल्या नोंदीत मात्र एवढंच सापडतं: "पी".

बाकीचं वाक्य कुठे गेलं? कुणी हल्ला केलेला नाही, सर्व्हर बंद पडलेला नाही, पडद्यावर एरर आलेली नाही. फॉर्म लिहिणाऱ्याने सुरक्षिततेसाठी पीएचपीचं 'स्ट्रिप टॅग्ज' हे फंक्शन लावलं होतं, बस्स. हे फंक्शन < दिसलं, आणि त्याच्यानंतर लगेच मोकळी जागा नसली, की टॅग सुरू झाला असं समजतं. मग > सापडेपर्यंत सगळं पुसत जातं. या वाक्यात > नव्हतंच, त्यामुळे ते शेवटपर्यंत पुसत गेलं. < नंतर एक स्पेस असती तर वाक्य वाचलं असतं!

माझा पीएचडीचा विषय याच्या आसपासचा आहे: माणसाने लिहिलेला मजकूर आणि यंत्रासाठी लिहिलेल्या खुणा एकाच धाग्यात ओवल्या की काय काय गोंधळ होतात. "यात संशोधन करण्यासारखं काय आहे?" असं मला बऱ्याचदा विचारलं जातं. त्याचं उत्तर इतिहासातून देणं सोपं जातं. एकाच साध्या प्रश्नाला पंचवीसेक वर्षांत चार-पाच वेगवेगळी उत्तरं दिली गेली, आणि चुकलेली उत्तरंसुद्धा हुशार लोकांनीच दिली होती. ती का चुकली हे बघणं, संशोधनाच्या तयारीत असलेल्या कुणालाही उपयोगाचं आहे.

आधी मूळ अडचण

एचटीएमएल ही मार्कअपची भाषा. मजकुरातच खुणा पेरायच्या: इथून ठळक, इथे ठळक संपलं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये ती तयार केली तेव्हा त्यांनी खुणांची पद्धत एसजीएमएलकडून घेतली. एसजीएमएल १९८६ पासून आंतरराष्ट्रीय मानक होतं. या पद्धतीत < हे चिन्ह खुणेसाठी राखीव आहे. मग मजकुरातच < लिहायचं असेल तर? त्यासाठी पर्यायी रूप आहे: &#60;. ब्राउझरला हे दिसलं की तो पडद्यावर < दाखवतो, पण त्याला टॅग समजत नाही. तसंच दुहेरी अवतरणचिन्हासाठी &#34; आणि खुद्द & साठी &#38;. (यांतल्या बहुतेकांना नावाची रूपंही आहेत. मी इथे आकड्यांचीच वापरतेय.) या बदलाला एस्केपिंग म्हणतात. ही कल्पना वेबपेक्षा बरीच जुनी आहे. आस्की संकेतावलीत 'एस्केप' हे चिन्ह आणि उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, आणण्याचं श्रेय बॉब बेमर यांना दिलं जातं. तो काळ १९६०-६१ चा.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही आजीला तिला आलेलं पत्र वाचून दाखवताय. पत्रात लिहिलंय, "रात्री निजताना दिवा मालव." तुम्ही वाचता, पण उठून दिवा मालवत नाही. कारण ती आज्ञा पत्रातली आहे, तुम्हाला केलेली नाही, हे तुम्हाला कळतं. ब्राउझरला ते आपोआप कळत नाही. < कुणी लिहिलं, पान बनवणाऱ्याने की फॉर्म भरणाऱ्याने, हे सांगणारी कुठलीच खूण त्याच्याकडे येत नाही. ती आपल्याला घालावी लागते.

लपवलेला रकाना

१९९३ च्या सुमारास वेबवर फॉर्म आले आणि सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमला फॉर्मची माहिती देणारी सीजीआय ही पद्धत अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत आकाराला आली. आता लोक नुसतं वाचत नव्हते, लिहीतही होते.

पण एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. पहिल्या पानाची विनंती आणि दुसऱ्या पानाची विनंती एकाच माणसाची आहे हे सर्व्हरला माहीत नसतं. मग पहिल्या पानावरचं उत्तर तिसऱ्या पानापर्यंत न्यायचं कसं? नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० च्या मानकात एक सोय नोंदलेली आहे: हिडन फील्ड, म्हणजे लपवलेला रकाना. दुसरं पान बनवताना सर्व्हर पहिलं उत्तर त्या रकान्याची किंमत म्हणून अवतरणचिन्हांत लिहितो. पडद्यावर तो दिसत नाही, पण फॉर्म पुढे पाठवला की त्याच्यासोबत जातो. टपाल्याकडे दिलेली चिठ्ठी त्यानेच परत आणून द्यावी, तसं.

आता गंमत बघा. उत्तरातच दुहेरी अवतरणचिन्ह असेल तर? ब्राउझरला वाटतं, किंमत तिथेच संपली. पुढचा मजकूर गळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे टॅगचा भाग बनतो.

यावरचा बरोबर उपाय अगदी छोटा आहे. रकान्यात किंमत लिहिताना &, <, > आणि दोन्ही प्रकारची अवतरणचिन्हं पर्यायी रूपात लिहायची. ब्राउझर पान वाचताना ती रूपं उलगडतो आणि फॉर्म पाठवताना मूळ मजकूर पाठवतो. म्हणजे सर्व्हरला काहीही उलगडत बसायची गरज नाही. पुढच्या पानावर पुन्हा लिहायचं असेल तर पुन्हा एस्केप करायचं. दहा पानं असली तरी मजकूर जसाच्या तसा पोचतो. प्रत्येक वेळी घातलेलं वेष्टन ब्राउझरच काढतो, आपण ते स्वतः काढायला गेलो की हिशेब बिघडतो.

आणि हे साधन अगदी सुरुवातीपासून हाताशी होतं. रासमस लेरडॉर्फ यांच्या पीएचपीत 'एचटीएमएल स्पेशल चार्स' हे फंक्शन पहिल्या काही फंक्शनांपैकी एक. त्याचं नाव इतकं लांब का, याचं कारण लेरडॉर्फ यांनीच २०१३ मध्ये सांगितलं. तेव्हा पीएचपीत फंक्शनं नावाच्या लांबीनुसार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली जात, आणि एकाच कप्प्यात गर्दी होऊ नये म्हणून मुद्दाम वेगवेगळ्या लांबीची नावं निवडली होती.

साधन होतं, मग गोंधळ का झाला? कारण प्रश्न 'काय करायचं' इतकाच नव्हता. 'कुठे करायचं' हा खरा प्रश्न होता.

पहिलं उत्तर: दारातच बदलून टाका

पीएचपीच्या निर्मात्यांना आणखी एक काळजी होती, डेटाबेसची. एसक्यूएलच्या वाक्यात मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत जातो. मजकुरातच ते चिन्ह आलं तर वाक्य तुटतं. नवशिक्या प्रोग्रॅमरला हे लक्षात राहणार नाही, म्हणून त्यांनी 'मॅजिक कोट्स' ही सोय दिली. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आणि प्रत्येक बॅकस्लॅशआधी एक बॅकस्लॅश आपोआप लागायचा. पीएचपी ३ आणि ४ मध्ये ही सोय मुळातच चालू असायची.

हेतू चांगला होता, पण त्यामागचं गृहीतक बघा: आलेला मजकूर सरळ डेटाबेसमध्येच जाणार. तो आधी दुसऱ्या पानावर गेला तर?

गोव्यात किंवा वसईत सहज भेटणारं आडनाव घ्या: डि'सोझा. पहिल्या पानावरून सर्व्हरकडे आलं की ते होतं डि\'सोझा. लपवलेल्या रकान्यातून दुसऱ्या पानावर गेलं आणि परत आलं की डि\\\'सोझा, कारण आधीच्या बॅकस्लॅशलाही बॅकस्लॅश लागला आणि चिन्हालाही. आणखी एक पान मध्ये आलं की सात. १, ३, ७, १५... दर पानाला दुप्पट अधिक एक. त्या काळातल्या बऱ्याच संकेतस्थळांवर नावांमध्ये उगवलेल्या तिरप्या रेघा तुम्ही कधी पाहिल्या असतील, तर त्यांचं एक मोठं कारण हे.

ही सोय जून २००९ मध्ये पीएचपी ५.३ ने नापसंत ठरवली आणि मार्च २०१२ मध्ये ५.४ ने काढून टाकली. म्हणजे मागे फिरायला दशकाहून जास्त काळ लागला, कारण मधल्या काळात असंख्य प्रोग्रॅम तिच्यावर विसंबून लिहिले गेले होते. संशोधनात हे ध्यानात ठेवा: चुकीचं गृहीतक एकदा 'सोय' म्हणून रुळलं की ते काढायला फार मोठी किंमत मोजावी लागते.

मराठी मजकुराचं वेगळंच दुखणं

इथे आपल्या भाषेचा थेट संबंध येतो. त्या काळी बरीच पानं लॅटिन-१ या संकेतावलीत असत, आणि तिच्यात देवनागरी अक्षरं नाहीतच. अशा पानावरच्या फॉर्ममध्ये कुणी 'म' टाइप केला तर ब्राउझर काय करणार? ब्राउझरांनी तोडगा काढला: जे अक्षर संकेतावलीत नाही त्याच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक पाठवायचा. 'म' चा क्रमांक २३५०, म्हणून सर्व्हरकडे &#2350; जायचं.

आता सर्व्हरची पंचाईत समजून घ्या. त्याला मिळालं &#2350;. हे माणसाने 'म' लिहिलं म्हणून आलं, की माणसाने खरोखरच ही सात चिन्हं टाइप केली? कळायला मार्ग नाही, दोन्हींची रूपं सारखीच. नियमाप्रमाणे एस्केप केलं तर मराठी वाचकाला पडद्यावर आकड्यांची रांग दिसणार. एस्केप नाही केलं तर मराठी नीट दिसणार, पण दार सताड उघडं. आपल्या भाषेत लिहिता यावं म्हणून सुरक्षितता सोडायची, अशी ती निवड होती.

खरा उपाय एस्केपिंगच्या बाहेर होता: पान, फॉर्म आणि डेटाबेस तिन्ही यूटीएफ-८ मध्ये ठेवायचे. मग 'म' हा 'म' म्हणूनच प्रवास करतो आणि शंकेला जागा राहत नाही. तात्पर्य काय, तर एकदा माहितीच हरवली की पुढचा कुठलाही हुशार नियम ती परत आणू शकत नाही. तुमच्या डेटाच्या बाबतीतही हेच लागू आहे.

दुसरं उत्तर: वाईट ते गाळा

१९९५ मध्ये नेटस्केपने ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणली, आणि मजकुरातून निसटलेला टॅग ही नुसती दिसण्याची अडचण राहिली नाही. तो आता पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या नावाने, काम करू शकत होता. २ फेब्रुवारी २००० रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट केंद्राने यावर जाहीर इशारा दिला. 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' हे नाव त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अभियंत्यांनी ठरवलं. त्या इशाऱ्यासोबतच्या मार्गदर्शनात दोन गोष्टी स्पष्ट होत्या: पान बाहेर पाठवताना मजकूर एस्केप करा, आणि प्रत्येक पानाची संकेतावली स्पष्ट लिहा. म्हणजे बरोबर उत्तर २००० मध्येच छापून आलेलं होतं!

तरीही बऱ्याच ठिकाणी दुसरा रस्ता निवडला गेला: येणाऱ्या मजकुरातून धोकादायक शब्द गाळायचे. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट १.१ ने तर टॅगसारखं काही दिसलं की अख्खी विनंतीच नाकारायची सोय मुळात चालू ठेवली.

गाळणीचं काय होतं हे ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेसवर दिसलं. मायस्पेस आपल्या सदस्यांना प्रोफाइलवर थोडं मार्कअप लिहू देत असे आणि धोक्याचे शब्द गाळत असे. १९ वर्षांच्या सॅमी कामकारने 'जावास्क्रिप्ट' हा शब्दच मधोमध ओळ तोडून लिहिला. गाळणीला तो शब्द ओळखू आला नाही, पण त्या काळच्या काही ब्राउझरांनी दोन तुकडे जोडून तो चालवला. त्याची प्रोफाइल पाहणारा प्रत्येक जण आपोआप त्याचा 'मित्र' होत गेला, आणि तोच कोड पाहणाऱ्याच्या प्रोफाइलवरही उतरत गेला. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त जण त्यात आले. मायस्पेसला काही काळ बंद व्हावं लागलं आणि कामकारला पुढे न्यायालयात जावं लागलं.

गाळणी एका पद्धतीने वाचत होती, ब्राउझर दुसऱ्या. दोन वाचक, एकच मजकूर, दोन अर्थ. या क्षेत्रातले बरेचसे शोधनिबंध या फरकाभोवतीच फिरतात. आणि गाळणीचा दुसरा बळी विसरू नका, तो आपला सुरुवातीचा प्रतिसादक. हल्लेखोर ओळ तोडून निसटला, आणि "पी<०.०५" लिहिणारा प्रामाणिक माणूस मात्र अडकला.

लपवलेलं म्हणजे सुरक्षित नव्हे

एक मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण लोक तो एस्केपिंगमध्ये मिसळतात. लपवलेला रकाना फक्त डोळ्यांपासून लपलेला असतो. पान जतन करून, किंमत बदलून, फॉर्म परत पाठवणं कुणालाही जमतं. २००० च्या सुरुवातीला इंटरनेट सिक्युरिटी सिस्टम्स या कंपनीने इशारा दिला, की बऱ्याच ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर वस्तूची किंमत लपवलेल्या रकान्यात ठेवतं आणि परत आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतं. महागडी वस्तू एका डॉलरला, घ्या!

इथे एस्केपिंगचा काही उपयोग नाही. मजकूर जसाच्या तसा पोचणं ही एक हमी, आणि तो मधे कुणी बदललेला नसणं ही दुसरी. दुसरीसाठी मजकूर सर्व्हरवरच सेशनमध्ये ठेवायचा आणि पानासोबत फक्त एक क्रमांक फिरवायचा (पीएचपी ४ ने मे २००० मध्ये ही सोय अंगभूत दिली), किंवा रकान्यासोबत गुप्त किल्लीने काढलेली एचमॅकची मोहोर पाठवून परत आल्यावर ती तपासायची.

तिसरं उत्तर: निघताना, आणि आपोआप

हळूहळू सगळे एका जागी आले. मजकूर आत येताना बदलू नका, आहे तसा ठेवा. बाहेर जाताना, तो कुठे जातोय हे पाहून, त्या जागेच्या नियमाने एस्केप करा. टॅगच्या बाहेर एक नियम, रकान्याच्या किमतीत दुसरा, जावास्क्रिप्टच्या आत तिसरा, एसक्यूएलमध्ये तर मजकूर आणि आज्ञा वेगवेगळ्याच पाठवायच्या. आत येताना हे करता येत नाही, कारण तेव्हा मजकूर पुढे कुठे जाणार हे कुणालाच माहीत नसतं. मॅजिक कोट्सची चूक नेमकी ही होती.

दुसरा बदल माणसाच्या विसराळूपणाबद्दलचा. हजार ठिकाणी एस्केप करायचं असेल तर एक जागा राहणारच. म्हणून २००८ च्या जँगो १.० मध्ये आणि २०१० च्या रेल्स ३ मध्ये साच्यातला मजकूर आपोआप एस्केप होऊ लागला. नको असेल तर मुद्दाम सांगायचं. २०१३ मध्ये आलेल्या रिअॅक्टने तर ही सूट देणाऱ्या सोयीच्या नावातच 'धोकादायकपणे' असा शब्द घातला. बाकी, जुन्या सवयी किती चिवट असतात ते बघा: पीएचपीचं ते लांब नावाचं फंक्शन एकेरी अवतरणचिन्हही सांगितल्याशिवाय बदलू लागलं ते नोव्हेंबर २०२१ मधल्या ८.१ पासून.

माणसाला खरंच ठळक, तिरपं लिहू द्यायचं असेल तर सगळं एस्केप करून चालत नाही. तिथे मजकुराचं झाड बनवायचं, परवानगीच्या यादीतले टॅग तेवढे ठेवायचे आणि मार्कअप नव्याने लिहायचं. पण इथेही काम संपलेलं नाही. २०१३ मध्ये मारिओ हाइडरिश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तपासून स्वच्छ ठरलेलं मार्कअप ब्राउझर आत घेऊन पुन्हा लिहितो तेव्हा त्याचं रूप पालटतं, आणि निरुपद्रवी तुकडा जिवंत होतो. पुन्हा तेच, दोन वाचक आणि दोन अर्थ. म्हणजे तुमच्यासाठी काम शिल्लक आहे!

एक ओळ, चार तपासण्या

तुमच्या प्रश्नावलीत आज ही ओळ टाइप करा आणि शेवटच्या पानापर्यंत न्या:

डि'सोझा म्हणाले, "पी<०.०५ & बाकी ठीक" &#2350;

शेवटी अगदी हीच ओळ, याच चिन्हांसह दिसली तर निर्धास्त राहा. नावात तिरपी रेघ उगवली, तर कुणीतरी दारातच बदल करतंय. "म्हणाले," नंतर ओळ तुटली, तर रकान्याच्या किमतीत अवतरणचिन्ह एस्केप झालेलं नाही. 'पी' नंतर सगळं गायब, तर गाळणी बसवलेली आहे. शेवटी आकड्यांऐवजी 'म' दिसला, तर एस्केप राहिलंय; आणि & व # यांच्या मध्ये नवी अक्षरं घुसली, तर ते दोनदा झालंय.

ही तपासणी पहिला प्रतिसादक फॉर्म उघडण्याआधी करा. नंतर कोड दुरुस्त करता येतो, पण पुसलं गेलेलं वाक्य विचारायला त्या माणसाकडे परत जाता येतंच असं नाही.